ड्राइव्हवर ठेवलंय म्हणजे बॅकअप झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएचं छोटं ऑफिस, पाच कॉम्प्युटर, दोन जुने सहायक आणि येणारी-जाणारी आर्टिकल मुलं (सीएकडे काम शिकणारी). टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, एक्सेल शीट, स्कॅन केलेली बिलं, सगळं गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये. पाचही मशीनवर ऑफिसचा एकच जीमेल आयडी, त्यामुळे फोल्डर सगळीकडे सिंक होतो, म्हणजे एका मशीनवरचा बदल आपोआप सगळीकडे जातो. विचारणाऱ्यांचं म्हणणं, "मशीन जळलं तरी ड्राइव्हवर आहेच. मग हार्ड डिस्कवर वेगळा बॅकअप घ्यायचा खटाटोप कशाला? क्लायंटला लिंक पाठवतो ते ठीक आहे ना? आणि प्लॅन कोणता घ्यावा?"

मशीन जळलं, चोरीला गेलं, डिस्क बसली तर तुम्ही वाचाल, यात शंका नाही. पण मी अशी छोटी ऑफिसं सांभाळतो आणि डेटा जातो तो बहुतेक वेळा आगीत जात नाही. तो जातो माणसाच्या हातून, तेही सावकाश, आणि कळतं फार उशिरा. त्या बाबतीत तुमची आजची रचना तुम्हाला वाचवत नाही.

तुमच्याच ऑफिसचं उदाहरण घेऊ. जुलै महिना, रिटर्नची धावपळ. एका आर्टिकलच्या लॅपटॉपवर जागा संपली. त्याने २०२१-२२ चं फोल्डर बघितलं, त्याला वाटलं हे जुनं आहे, आपल्या मशीनवरून काढून टाकू. डिलीट दाबलं. ते त्याच्या मशीनवरून गेलं, ड्राइव्हवरून गेलं आणि उरलेल्या चार मशीनवरूनही गेलं. सिंकने आपलं काम चोख केलं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस पडून राहिलं, मग कायमचं पुसलं गेलं. (२०२० च्या ऑक्टोबरपर्यंत ट्रॅश तुम्ही रिकामा करेपर्यंत तसाच राहायचा. पुष्कळांच्या डोक्यात अजून तेच आहे.) नोव्हेंबरात त्या वर्षाची जीएसटीची नोटीस आली, तेव्हा फोल्डर शोधायला गेलात.

आता कायदा काय म्हणतो तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची. २०२१-२२ ची मुदत ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणजे ती बिलं २०२८ च्या डिसेंबर अखेरपर्यंत हवीत. जबाबदारी ७२ महिन्यांची आणि ट्रॅश ३० दिवसांचा. हा फरक भरून काढायला बॅकअप लागतो. सिंक फक्त आजची शिल्लक सांगतो. बॅकअपमध्ये कीर्दीची मागची पानं असतात.

फाइल डिलीट न होता बिघडली तरी हेच. कोणीतरी एक्सेलमध्ये चुकीच्या ओळी पुसून सेव्ह केलं, तर ड्राइव्ह जुनी व्हर्जन ठेवतो, पण साधारण ३० दिवस किंवा १०० व्हर्जन, तेवढीच. एखादं व्हर्जन कायम ठेवायची खूण करता येते, पण आधी आठवायला हवं ना. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात रिसायकल बिन ३० दिवसांचा, ऑफिसच्या खात्यात ९३ दिवसांचा. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही ३० दिवस. कंपनी कोणतीही घ्या, आकडा महिन्यांत मोजायचा आहे आणि तुम्हाला वर्षांत हवा आहे.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, हे याचंच मोठं रूप. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत ते बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटातून येतं. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाची जात याच वाटेने पसरली. ते फाइली कुलूपबंद करतं, नावाला नवं शेपूट लावतं, आणि सिंकचं अ‍ॅप इमानाने त्या कुलूपबंद फाइली वर चढवतं. वनड्राइव्हच्या पैसे भरलेल्या खात्यात सगळं स्टोरेज मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेवर परत नेता येतं, ती सोय खरोखर चांगली आहे. ती नसेल आणि एकेक फाइल उघडून तिचं जुनं व्हर्जन परत आणायची वेळ आली, तर तीस-चाळीस हजार फाइलींच्या ऑफिसात ते कोण करणार?

आता टॅली. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. बाकी काही उद्यावर ढकललंत तरी चालेल, हे आजच करा.

कारण असं की टॅलीची एक कंपनी म्हणजे एक फाइल नसते. आकडी नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एकमेकींवर अवलंबून असलेल्या बऱ्याच फाइली असतात. व्हाउचर सेव्ह केलं की त्यातल्या अनेक एकदम बदलतात. सिंकच्या अ‍ॅपला हे नातं माहीत नसतं. ते एक फाइल आत्ता चढवतं, दुसरी दोन मिनिटांनी, तिसरी टॅलीने धरून ठेवली असेल तर टॅली बंद झाल्यावर. मधेच वीज गेली किंवा नेट गेलं, तर वर जे पोचलं ते अर्धं सकाळचं, अर्धं दुपारचं. असा संच टॅलीत उघडला तर कधी उघडतच नाही. कधी उघडतो आणि शिल्लक जुळत नाही, ते जास्त वाईट.

दुसरा धोका तुमच्याच रचनेतला. दोन जणांनी दोन मशीनवर तीच कंपनी उघडली. प्रत्येक जण आपल्या मशीनवरच्या प्रतीत एंट्री करतोय. टॅलीला वाटतं इथे एकच माणूस आहे. संध्याकाळी सिंकला दोन वेगळ्या फाइली दिसतात, त्या एकत्र करणं त्याला येत नाही. एक राहते, दुसरी दुसऱ्या नावाने बाजूला पडते किंवा तिच्यावर लिहिलं जातं. खरेदीची चाळीस व्हाउचर गायब, आणि दोघेही शपथेवर सांगतात की मी एंट्री केली होती. दोघेही खरं बोलत असतात.

योग्य रीत अशी. डेटा एकाच मशीनवर, सिंकच्या फोल्डरबाहेर. बाकीच्यांनी तो ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडायचा. एका वेळी अनेकांना लागत असेल तर टॅलीचं गोल्ड लायसन्स, सिल्व्हर एकट्यासाठी आहे. संध्याकाळी सगळ्यांनी टॅली बंद केली की एकाने ऑल्ट-वाय दाबून टॅलीचाच बॅकअप घ्यायचा. तो बॅकअप सिंकच्या फोल्डरमध्ये टाका, खुशाल. ती बंद, पूर्ण झालेली फाइल असते, तिला सिंकचं भय नाही. मात्र रोज नव्या फोल्डरमध्ये घ्या, नाहीतर कालच्यावर आजचा बसेल आणि आपण परत मूळपदावर. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्या, २०२५-११-१४ असं, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. दोन आठवड्यांचे रोजचे ठेवा, वर्षभर महिनाअखेरचे, आणि ३१ मार्चनंतर ऑडिट पुरं झाल्यावरचा कधीच पुसू नका. जागा फार लागत नाही, टॅलीचा बॅकअप स्कॅनच्या मानाने किरकोळ असतो.

आणि बॅकअप परत उघडून बघायचा असेल तर चालू डेटाच्या जागी रिस्टोअर करू नका. ती कंपनी आधीच तिथे असेल तर तिच्यावर जुना डेटा बसतो. रिकामं वेगळं फोल्डर करा, तिथे रिस्टोअर करा, शेवटच्या दिवसाची रोख शिल्लक आणि एखाद्या बँकेची शिल्लक ताडून बघा. महिन्यातून एकदा. दहा मिनिटांचं काम आहे, आर्टिकलला शिकवा.

तुमच्या क्लायंटमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतील तर आणखी एक. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांच्या हिशोब नियमांत इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायची अट आहे. आधी तिथे ठरावीक काळाने असं होतं. क्लायंट तुम्हाला विचारेल की आमचं ड्राइव्हवर आहे ना, मग झालं. साध्या घरगुती खात्यात डेटा नेमका कोणत्या देशात आहे हे तुम्ही ठरवत नाही. त्यामुळे ऑडिट करताना हे गृहीत धरू नका.

आता हार्ड डिस्ककडे येऊ. फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब जगभर वापरतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेपासून दूर. तुमच्याकडे मशीनवरची एक आणि ड्राइव्हवरची एक आहे, पण त्या दोन्ही एकाच दोरीला बांधलेल्या. त्यामुळे मी त्यांना मिळून एकच धरतो. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. शनिवारी एक लावा, कॉपी घ्या, काढा आणि घरी न्या. पुढच्या शनिवारी दुसरी. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते, म्हणून काढून ठेवणं महत्त्वाचं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप घाला (विंडोजच्या प्रो आवृत्तीत आहे), कारण तिच्यात शंभर माणसांचे पॅन आणि आधार आहेत आणि ती तुमच्या स्कूटरच्या डिकीतून जाते.

कॉपी कशाने घ्यायची यात एक खाच आहे. बरेच जण रोबोकॉपीची (विंडोजमधली कॉपी करायची आज्ञा) एक ओळ लिहून ठेवतात आणि तिच्यात मिरर हा पर्याय घालतात. मिरर म्हणजे इथे जे पुसलं ते तिथेही पुसायचं. पुन्हा सिंकच झाला की, फक्त वायरीतून. विंडोजचं फाइल हिस्टरी वापरा, मॅक असेल तर टाइम मशीन, किंवा ड्युप्लिकाटीसारखं फुकटचं साधन. यातल्या प्रत्येकात जुन्या तारखेला परत जाता येतं. नाहीच जमलं तर दर महिन्याला नव्या फोल्डरमध्ये अख्खी प्रत घ्या. ओबडधोबड आहे, पण चालतं.

कॉपी घेतल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी बघा.

पहिली. गूगल डॉक्स किंवा शीट्समध्ये केलेलं काम ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलसारखं दिसतं, पण तिचा आकार बघा. १ केबी. पन्नास पानांचा अहवाल असो की दहा हजार ओळींची शीट, १ केबीच. ती फाइल नाहीच, आत फक्त पत्ता आहे. मजकूर गूगलकडे आहे. अशा पाचशे फाइली हार्ड डिस्कवर घेतल्या तर तुम्ही पाचशे पत्ते घेतलेत. खातं बंद पडलं की त्यांचा उपयोग शून्य. त्यासाठी गूगल टेकआउट वापरा. ते सगळं वर्ड-एक्सेलच्या स्वरूपात काढून देतं. वर्षभर दर दोन महिन्यांनी आपोआप काढायची सोय त्यात आहे, आणि निघालेला संच थेट वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर टाकता येतो. वर्ष संपलं की ते पुन्हा चालू करावं लागतं, तेवढं कॅलेंडरला लावा.

दुसरी. जागा वाचवायला ही अ‍ॅप्स फाइल मशीनवर ठेवतच नाहीत, फक्त नाव दाखवतात. वनड्राइव्हमध्ये नावाशेजारी निळा ढग असेल तर फाइल वर आहे, तुमच्याकडे नाही. हिरव्या कडेचा पांढरा गोल म्हणजे तात्पुरती उतरली आहे, भरीव हिरवा गोल म्हणजे कायम इथेच. गूगलमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय, त्यात स्ट्रीम म्हणजे ढगवाला प्रकार. ज्या एका मशीनवरून तुम्ही हार्ड डिस्कवर कॉपी घेणार, तिथे सगळं खरोखर उतरलेलं हवं. नवीन विंडोज लॅपटॉप तर विचारून न विचारल्यासारखं करून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये हलवतो. त्या बटणावर बॅकअप लिहिलेलं असतं, होतो तो सिंक. मग ५ जीबीचं फुकट खातं भरतं आणि रोज तांबडी सूचना येते. आर्टिकलच्या लॅपटॉपवर हे बघून घ्या, तुमच्या क्लायंटची कागदपत्रं त्याच्या खासगी खात्यात चढत असतील.

कोणी म्हणेल, हार्ड डिस्क जुनाट झाली, दुसऱ्या क्लाउडवर ठेवू. ठेवा की, तेही चांगलंच. पण वेळेचा हिशेब करा. ५०० जीबी माल २० एमबीपीएसच्या अपलोडने चढायला सुमारे ५५ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. परत उतरवायला १०० एमबीपीएसने ११ तास. २९ सप्टेंबरला मशीन बसलं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख असेल, तर ११ तास कुठून आणणार? डिस्कवरून तेवढंच काम दोन-तीन तासांत होतं.

मोठ्यांचंही बघून ठेवा. दक्षिण कोरियाच्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन इथे आग लागली. सरकारी नोकरांच्या फाइली ठेवायचं जी-ड्राइव्ह (गूगलचं नव्हे, गव्हर्नमेंटचं) ८५८ टीबीसकट गेलं. फार मोठं आहे म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. उलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खातं गूगलच्याच चुकीने पुसलं गेलं, तर ते उभे राहिले, कारण एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली होती. आणि अगदी आपल्या पातळीवरचं हवं असेल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या ८४ व्या आवृत्तीत दोष निघाला आणि काही लोकांच्या न चढलेल्या फाइली दिसेनाशा झाल्या. गूगलने नंतर त्या परत मिळवायचं साधन दिलं. असं रोज होत नाही, पण होतं.

लिंकचं थोडक्यात. "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय क्लायंटच्या कागदांसाठी वापरू नका. ती लिंक तुम्ही क्लायंटला पाठवता, तो ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, तिथून बँकेच्या एजंटकडे. त्याच्या ईमेलवरच परवानगी द्या, आणि बघण्याची, बदलण्याची नव्हे. दर क्लायंटला एक फोल्डर आणि त्यात "क्लायंटकडून आलेलं" असं एक आतलं फोल्डर, फक्त तिथे त्याला फाइल टाकता यावी. वरच्या फोल्डरची परवानगी खालच्या सगळ्यांना लागू होते, हे विसरून अनेकजण "क्लायंट २०२४-२५" हा अख्खा फोल्डरच एकाला उघडा करून बसतात. काम झालं की परवानगी काढा. आधारची प्रत लागलीच तर मास्क केलेली घ्या, शेवटचे चार आकडे दिसणारी. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट एकत्र पाठवायचं असेल तर सेव्हन-झिपमध्ये (फाइली एकत्र बांधायचं साधन) पासवर्ड घालून, आणि पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये नको.

शेअर केलेल्या फोल्डरमधून दुसऱ्याने तुमची फाइल काढली तर ड्राइव्हमध्ये ती बहुधा मरत नाही, फक्त बेघर होते. शोधपट्टीत जाऊन कोणत्याच फोल्डरमध्ये नसलेल्या आपल्या फाइली शोधता येतात. फोल्डर रिकामा दिसला की आधी हे करा, मग ओरडा.

सगळ्यांचा एकच जीमेल ही पद्धत मात्र बंद व्हायला हवी. कोणी काय पुसलं ते कळत नाही. आर्टिकल सोडून गेला की पासवर्ड बदलायचा, पाच मशीनवर टाकायचा, म्हणून तो कोणी बदलतच नाही. ओटीपी साहेबांच्या फोनवर आणि साहेब कोर्टात. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि गूगल देतं ते आकडी बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. प्रोप्रायटरच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था भरून ठेवा. ठरलेले काही महिने खातं वापरलं गेलं नाही तर ते कोणाच्या हाती जायचं, ते तिथे सांगता येतं. घरच्या माणसाचं नाव द्या. हा विषय काढायला कोणालाच आवडत नाही, पण वडिलांच्या पश्चात मुलाला क्लायंटची यादीसुद्धा मिळत नाही अशी ऑफिसं मी बघितली आहेत.

राहिला प्लॅनचा प्रश्न. घरगुती जीमेलचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही त्यातूनच जागा खातो. ते भरले की क्लायंटचे मेल परत जायला लागतात, हे रिटर्नच्या हंगामातच होतं. मायक्रोसॉफ्टचा फॅमिली प्लॅन सहा जणांना प्रत्येकी १ टीबी देतो आणि स्वस्त दिसतो, पण तो धंद्यासाठी नाही, तसं अटीत लिहिलेलं आहे. तुम्ही गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्टचा बिझनेस प्लॅन घ्या, दर माणशी वेगळं खातं. फाइल माणसाची न राहता ऑफिसची राहते. मात्र एखादा सोडून गेला की त्याचं खातं पुसण्याआधी फाइली दुसऱ्याच्या नावावर करा. वर्कस्पेसमध्ये पुसलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं. टॅलीपेक्षा एक्सेलमध्ये तुमचा दिवस जास्त जात असेल तर मायक्रोसॉफ्ट, क्लायंट सगळे जीमेलवाले असतील तर गूगल. बाकी फरक फारसा नाही. आधी महिन्याचे पैसे भरून दोन खाती घेऊन बघा, जमलं तर वर्षाचं घ्या.